तो यायला तयार नसेल, तर आधी तुम्ही जा

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १५ वर्षांचा. चार महिन्यांपासून खोलीचं दार बंद. सकाळी पोट दुखतं म्हणून शाळा बुडते आणि दुपारपर्यंत पोट बरं होतं. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत जागा असतो. जेवायला हाक मारली तरी अंगावर येतो. मागच्या आठवड्यात भांडणात म्हणाला, "मी नसतो तर तुम्ही सुखी असता." डॉक्टरांचा विषय काढला की दार आपटतो. वडिलांच्या मते ही सगळी नाटकं आहेत, फोन काढून घेतला की सुतासारखा सरळ येईल. आईला विचारायचंय की काहीतरी निमित्त सांगून त्याला न्यावं का, समुपदेशक गाठावा की मानसोपचारतज्ज्ञ, आणि गोळ्या सुरू झाल्या तर त्या आयुष्यभर घ्याव्या लागतात का.

मी किशोरवयीन मुलांवर उपचार करणारी मानसोपचारतज्ज्ञ आहे, वीसहून अधिक वर्षं. तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलते. भांडणातलं ते एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी सुरुवात तिथूनच करणार.

"मी नसतो तर" असं म्हणणारी सगळीच मुलं जीव द्यायच्या विचारात नसतात. काही रागात म्हणतात, काही थकून म्हणतात. पण यातलं कुठलं, हे बाहेरून ओळखता येत नाही. मलाही येत नाही. त्याचा एकच उपाय आहे, विचारायचं. शक्यतो आज रात्रीच, भांडण नसताना, दिवा मंद असताना किंवा दोघं शेजारी-शेजारी बसलेले असताना. "तू त्या दिवशी म्हणालास ना, मी नसतो तर... ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. कधी मरून जावंसं वाटतं का तुला? जीव द्यायचा विचार येतो का?" शब्द गुळगुळीत करू नका. "तुझ्या मनात काही वेडंवाकडं तर नाही ना?" असं विचारलंत तर "नाही" हेच उत्तर हवंय, हे त्याला तुमच्या प्रश्नातच ऐकू येतं.

विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक पालकाला असते. ती तपासून पाहिली गेलीय. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना विचारले नाहीत. ज्यांना विचारलं त्यांच्यात दोन दिवसांनीही अस्वस्थता किंवा असे विचार वाढलेले नव्हते. उलट आधीच खचलेल्या मुलांना थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. माझ्या खोलीतही हेच घडतं. प्रश्न विचारल्यावर मुलाचे खांदे खाली येतात. कुणीतरी एकदाचं विचारलं.

तो "हो" म्हणाला तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. रडू आलं तर येऊ द्या, पण "आम्ही तुझ्यासाठी काय कमी केलं" हे वाक्य गिळून टाका. "सांगितलंस ते फार बरं केलंस" एवढं पुरतं. मग हळूहळू विचारा: किती वेळा येतो हा विचार, शेवटचा कधी आला, कसं करायचं हे ठरवलंयस का, त्यासाठी लागणारं काही जवळ ठेवलंयस का, याआधी कधी काही करून पाहिलंयस का. ठरलेली पद्धत, जमवलेली वस्तू किंवा आधीचा प्रयत्न यांतलं काहीही पुढे आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच रात्री रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. विचार धूसर असेल, "कधीकधी वाटतं, सगळं थांबावं" इतपत, तरीही काही दिवसांच्या आत तज्ज्ञांपर्यंत पोचायला हवं.

त्याने काहीही उत्तर दिलं तरी घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं, धारदार वस्तू आजच कुलपात ठेवा. यात आजी-आजोबांची औषधंही आली. हे फार साधं वाटतं म्हणून लोक टाळतात. जीव द्यायची ऊर्मी अनेकदा काही मिनिटांत किंवा तासांत ओसरते, आणि त्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. ब्रिटनमध्ये १९९८ साली पॅरासिटामॉलच्या एका पाकिटात किती गोळ्या विकायच्या यावर मर्यादा आणली. पुढच्या वर्षांत त्या गोळ्यांच्या विषबाधेने होणारे मृत्यू घटले. लोकांचं दुःख कमी झालं नव्हतं, पाकीट लहान झालं होतं. आणि एक: "मला वचन दे, तू असं काही करणार नाहीस" अशी शपथ घालू नका. ती पाळली जातेच असं नाही, आणि पुढच्या वेळी विचार आला की वचन मोडल्याच्या अपराधीपणाने तो तुमच्याकडे यायचाच नाही. त्याऐवजी कागदावर चार ओळी दोघांनी मिळून लिहा. विचार यायला लागला हे कशावरून कळतं, तेव्हा आधी काय करून बघायचं, कुणाला हाक मारायची, कुणीच नसेल तर कुठे फोन करायचा. स्टॅन्ली आणि ब्राउन या दोन मानसशास्त्रज्ञांनी बांधलेल्या सुरक्षा आराखड्याचा हा घरगुती अवतार. तज्ज्ञ पुढे तो नीट करून देतील.

हातावर चिरा किंवा ओरखडे असतील, उकाड्यातही तो लांब बाह्या सोडत नसेल, तर तेही शांतपणे विचारा. स्वतःला इजा करून घेणारी सगळी मुलं मरायचं म्हणून तसं करत नाहीत. बऱ्याच जणांना असह्य झालेलं काहीतरी क्षणभर थांबवायचं असतं. तरीही त्याची तपासणी व्हायलाच हवी, कारण पुढचा धोका त्याने वाढतो.

आता वडिलांचं म्हणणं. मी त्यांच्यावर चिडणार नाही, कारण बाहेरून ते खरंच नाटकासारखं दिसतं. सकाळी दुखणारं पोट अकराच्या ठोक्याला थांबतं हे पाहून कुणालाही संशय येईल. पण भीतीने दुखणारं पोट खरंच दुखतं. आतड्यांचं आणि मेंदूचं दळणवळण इतकं दाट असतं की घाबरलेल्या माणसाला मळमळतं, जुलाब होतात, कळा येतात. शाळेची वेळ टळली की भीती जाते आणि भीती गेली की कळही जाते. त्यात लबाडी काही नाही.

चिडचिडीचंही तसंच. नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणं, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. मोठ्यांमध्ये निदानासाठी उदास मन किंवा कशातच रस न उरणं यांतलं एक तरी लागतं. मुला-किशोरांच्या बाबतीत मात्र उदासपणाच्या जागी सततची चिडचिडही धरली जाते, आणि निदानाच्या नियमावलीत तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमच्या घरात आपटणारं दार हे लक्षण असू शकतं. रात्रीच्या जागरणाचा काही भाग वयाचाही आहे. वयात येताना शरीराचं घड्याळ दीड-दोन तास पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढायला लागतं. पण १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते, ती कमी झालेली नसते. उशिरा झोपून लवकर उठावं लागणारा मुलगा आधीच तुटीत असतो. त्यात मन बिघडलं की तूट वाढते, आणि तूट वाढली की मन आणखी बिघडतं.

मग वय कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो? मी अभ्यासाबद्दल सर्वात शेवटी विचारते. आधी विचारते, त्याला जे आवडायचं ते त्याने सोडलंय का? क्रिकेट, गिटार, मित्रांच्या टोळक्यात फालतू गप्पा, जे काही असेल ते. आईबापांशी न बोलणारा पण मित्रांसोबत खिदळणारा मुलगा बहुधा फक्त मोठा होत असतो. मित्रांचेही फोन न उचलणाऱ्या मुलाची मला काळजी वाटते. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, घर-शाळा-मित्र यांतल्या एकाहून जास्त ठिकाणी बदल दिसत असेल तर तपासणी करावी. तुमच्याकडे चार महिने झालेत. आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी साधारण निम्म्यांची सुरुवात १४ वर्षांच्या आत झालेली असते, तेव्हा "अजून लहान आहे, होईल नीट" या वाक्याला फारसा आधार नाही.

नवऱ्याशी वाद घालताना "तो आजारी आहे" हे पटवण्याच्या मागे लागू नका. आजार या शब्दावर तुमचं एकमत व्हायला सहा महिने लागतील. झोप बिघडलीय, शाळा बुडतेय, मित्र तुटलेत, यावर आजच एकमत आहे. तेवढ्यावर दोघांनी एकत्र डॉक्टरांकडे जाता येतं.

निमित्त सांगून न्यावं का? नाही. इथे मी ठाम आहे, आणि का ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलीला डोळे तपासायचे म्हणून माझ्याकडे आणलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). दारावरची पाटी वाचून तिला कळलं. ती आत आली, खुर्चीत बसली, आणि पाऊण तास भिंतीकडे बघत राहिली. मी काय बोलले, किती सौम्य बोलले, याला काही अर्थ नव्हता. तिच्या लेखी मी त्या फसवणुकीत सामील होते. नंतर ती कित्येक महिने कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही, साध्या तापासाठीसुद्धा. मन उघडं करायला लागणारा विश्वास वाटेतच खर्च करून आलात, तर आमच्या हातात काही उरत नाही. जिवाला धोका असेल तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हा मर्जीविरुद्ध न्यावं लागतं, पण तेव्हाही खोटं बोलायचं नाही. "मी घाबरलेय, म्हणून आपण रुग्णालयात चाललोय. तू रागावलास तरी चालेल."

बळजबरी नाही, फसवणूक नाही, मग तो येणार कसा? माझ्या अनुभवात बहुतेक आईबापांचं इथेच चुकतं. त्यांना जे खुपतं तिथून ते सुरुवात करतात: शाळा, फोन, उद्धटपणा. मुलाला ते खुपत नसतं. त्याला दुसरंच काहीतरी खुपत असतं आणि तिथून सुरुवात केली की दार किलकिलं होतं. तुमच्या मुलाला काय खुपत असेल? माझा अंदाज आहे, झोप. रात्री तीनला छताकडे बघत पडणं कुणालाच आवडत नाही. किंवा सकाळची ती कळ. "तुला डिप्रेशन आहे, डॉक्टरकडे जायचंय" याला तो नाही म्हणेल. "तुला झोप लागत नाही आणि सकाळी पोटात गोळा येतो, हे तुला किती जड जात असेल ते मला दिसतंय. यावर काम करणारे लोक असतात. एकदा भेटून बघूया?" याला कदाचित तो लगेच हो म्हणणार नाही, पण दार आपटणार नाही. यात फसवणूक नाही, कारण ती व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ आहे हे तुम्ही लपवत नाही. त्याने विचारलं तर सांगायचं. न विचारताही सांगायचं.

बोलायची वेळ निवडा. समोरासमोर बसवून, दोघांनी मिळून, "आम्हाला तुझ्याशी बोलायचंय" असं म्हणालात की ती चौकशी होते. गाडीत, चालताना, भांडी पुसताना, नजर दुसरीकडे असताना मुलं जास्त बोलतात. पाच मिनिटांत संपवा. उत्तर लगेच मागू नका. शक्य तितक्या गोष्टी त्याला ठरवू द्या: डॉक्टर बाई हव्यात की पुरुष, प्रत्यक्ष जायचं की व्हिडिओवर बोलायचं, पहिल्या भेटीत तुम्ही आत बसायचं की बाहेर. आणि मुदत द्या. "तीन वेळा जाऊन बघ. तिसऱ्या वेळेनंतर नकोसं वाटलं तर आपण माणूस बदलू." अमुकतमुक केलंस तर नवा फोन, असलं आमिष मात्र नको. पहिल्या भेटीपुरतं ते चालतं, नंतर प्रत्येक भेटीचा भाव वाढतो.

इतकं करूनही तो नाही म्हणू शकतो. तर मग तुम्ही जा. ही गोष्ट पालकांना सुचतच नाही, सुचवली की उपचाराची फसवी आवृत्ती वाटते. वाट बघताना वेळ घालवायला म्हणून मी हे सांगत नाहीये. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी चिंताग्रस्त मुलांसाठी एक उपचार बांधला, त्यात थेरपिस्ट मुलाला भेटतच नाही, फक्त आईवडिलांना भेटतो. ७ ते १४ वयोगटातल्या मुलांच्या चाचणीत या मुलांची चिंता जवळजवळ तितकीच कमी झाली, जितकी स्वतः थेरपी घेणाऱ्या मुलांची. कारण समजून घेण्यासारखं आहे. मूल घाबरलं की घर त्याच्याभोवती वाकतं. शाळेला निरोप आपण पाठवतो, जेवण खोलीत पोचवतो, पाहुण्यांना परत पाठवतो. प्रत्येक वेळी त्याला त्या दिवसापुरतं बरं वाटतं, आणि "हे मला झेपणारं नव्हतंच" हा समज आणखी पक्का होतो. हे वाकणं एकेक करून, आधी सांगून, न रागावता, थोडं थोडं कमी करायचं असतं. कुठून सुरुवात करायची हे एकट्याने ठरवणं अवघड जातं, म्हणून तज्ज्ञ. तुमचा मुलगा त्या चाचणीतल्या मुलांपेक्षा मोठा आहे आणि त्याच्याकडे नुसती चिंताच असेल असंही नाही. तरी तुमच्या वागण्यात बदल झाला की त्याच्या खोलीतली हवा बदलते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की संकोच न करता सांगते.

कुणाकडे जायचं? पहिला मुक्काम नेहमीचे डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञ. यात कमीपणा नाही, आणि मुलांना तिथे यायला जड जात नाही. रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता यांनी माणूस थकतो, चिडतो, मंदावतो. साध्या रक्त तपासणीत ते कळतं. सुरू असलेली औषधं आणि नशा यांचाही विचार तिथे होतो. नशेबद्दल डॉक्टरांनी मुलाला एकट्याला विचारायला हवं, तुमच्यासमोर तो कशाला सांगेल?

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढे मनाच्या आजारांत शिकलेला डॉक्टर. तो निदान करतो आणि औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, पण तपासण्या आणि थेरपी हे त्याचं मुख्य काम. समुपदेशक हा शब्द फार सैल वापरला जातो. त्यात उत्तम शिकलेली माणसं आहेत आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलीही. तुमच्या मुलाच्या बाबतीत, मरणाचा उल्लेख झालाय आणि चार महिने झालेत म्हणून, पहिली तपासणी मानसोपचारतज्ज्ञाकडून व्हावी असं माझं मत आहे. पुढे दर आठवड्याला बोलायचं काम सायकॉलॉजिस्ट करेल. दोघांनी एकमेकांशी बोलावं, हे मात्र तुम्ही आग्रहाने मागा.

फोनवरच विचारा: या वयाची मुलं तुम्ही नियमित बघता का? मुलाला एकट्याला भेटता का? आम्हाला काय सांगता आणि काय सांगत नाही? थेरपी कोणत्या पद्धतीची? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "मी मुलांना समजावतो" असं आलं तर फोन ठेवा. समजावणारे घरात पुष्कळ आहेत. नैराश्य आणि चिंतेसाठी विचार-वर्तन पद्धतीची थेरपी, म्हणजे सीबीटी, सर्वात जास्त तपासली गेलीय. स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहान यांनी बांधलेली डीबीटी, म्हणजे भावनांचा लोंढा सावरायची कौशल्यं शिकवणारी थेरपी, तिची किशोरांसाठीची आवृत्ती. नावं पाठ करायची गरज नाही. समोरच्याला आपण काय करतोय आणि का करतोय हे साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, बस. दहा मिनिटांत निदान आणि तीन औषधं लिहून देणारा, पूर्ण बरं करण्याची हमी देणारा, मुलासमोर तुमची किंवा तुमच्यासमोर मुलाची हजेरी घेणारा, यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

जाताना एक पान लिहून न्या. एकच पान, फाइल नको. बदल कधीपासून दिसला आणि त्याच्या आगेमागे काय घडलं: शाळा बदलली, कुणी गेलं, मैत्री तुटली, कुणी छळलं, घरात काही झालं. झोपेच्या वेळा. वजन, भूक. काय बंद झालं, काय अजून चालू आहे. कुटुंबात कुणाला मनाचा आजार, व्यसन, आत्महत्या. विशेषतः कुणाला अतिउत्साहाचे झटके, बायपोलर असं काही होतं का. हे लपवू नका, कारण अशा घरात नैराश्याचं औषध जपून द्यावं लागतं. "आळशी", "हट्टी" हे शब्द टाळा; "अकराला उठतो", "पंधरा दिवसांत अंघोळ चार वेळा" असं लिहा. आणि पान असं लिहा की उद्या ते त्याच्या हाती लागलं तरी तुम्हाला लाज वाटणार नाही.

पहिल्या भेटीनंतर परतताना "काय बोललात?" विचारायचं नाही. मला माहितेय, हे फार कठीण आहे. आम्ही मुलाशी बोललेलं तुम्हाला सगळं सांगत नाही. जिवाला धोका, कुणाकडून होणारा अत्याचार, अशा गोष्टी मात्र सांगतो, आणि सांगणार आहोत हे मुलालाही पहिल्या दिवशीच सांगतो. ही भिंत तुम्हाला बाहेर ठेवायला नाही. ती नसेल तर तो आत काहीच बोलणार नाही आणि तुमचा वेळ वाया जाईल.

गोळ्यांबद्दल. सौम्य नैराश्यात मी सहसा गोळीने सुरुवात करत नाही. मध्यम आणि तीव्र असेल तर गोळी आणि थेरपी दोन्हीचा विचार करते, आणि तो आकड्यांवर उभा आहे. २००४ साली अमेरिकेत ४३९ किशोरांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन हे नैराश्याचं औषध आणि सीबीटी दोन्ही घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसतं फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के, नुसती थेरपी घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के, आणि औषधाचा आभास देणारी साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के. ३६ आठवड्यांनी पाहिलं तेव्हा थेरपीवाले औषधवाल्यांच्या बरोबरीला आले होते, दोन्ही ८१ टक्के. थेरपी पोचते, पण सावकाश. मूल बुडत असेल तर ती पोचेपर्यंत हात धरायला औषध लागतं, असं मी पालकांना सांगते.

धोका आहे का? आहे, आणि तो तुम्हाला इंटरनेटवर अर्धवट सापडेल, म्हणून पूर्ण सांगते. त्याच २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्याच्या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या मुलांपैकी साधारण ४ टक्क्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन दिसलं, साखरेची गोळी घेणाऱ्यांत २ टक्क्यांमध्ये. त्या चाचण्यांमध्ये आत्महत्या एकही झाली नाही. याचा अर्थ औषध टाळायचं असा नाही. पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचे, असा आहे. अचानक अस्वस्थता, एका जागी बसवेनासं होणं, झोप उडणं, अवाजवी उत्साह यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवायच्या आणि रोज तुम्हीच हातात द्यायची.

आणि नाही, आयुष्यभर नाही. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करत थांबवतात. या गोळ्यांची व्यसनासारखी चटक लागत नाही, पण मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड होते. औषधं अनेकदा चुकतात ती थोडं बरं वाटल्यावर, "आता बरा आहे की" म्हणून.

तज्ज्ञांची वेळ मिळायला आठवडे लागू शकतात. तोवर फोन हिसकावू नका. मित्रांशी उरलेला एकुलता एक धागा कदाचित तोच असेल. रात्री सगळ्यांचेच फोन, तुमचेही, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचं ठरवता आलं तर बघा. झोपायची वेळ तुमच्या हातात नाही, उठायची थोडीफार आहे. सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ, उठल्याबरोबर खिडकी उघडून उजेड. शाळेत एका शिक्षकाला विश्वासात घ्या आणि दोन तासांपुरतं, आवडत्या विषयापुरतं का होईना, जाणं सुरू ठेवता येतं का पाहा. पूर्ण बंद पडलेली शाळा पुन्हा सुरू करणं फार जड जातं. आणि दिवसातून दहा मिनिटं त्याच्यासोबत असं काहीतरी करा ज्यात सुधारणा, प्रश्न, उपदेश यातलं काही नसेल. तो खेळतो तो गेम शिकवायला सांगा. हराल, हरा.

फरक कसा ओळखायचा? गुणपत्रिकेवर तो सगळ्यात उशिरा दिसतो. आधी तो स्वयंपाकघरात येऊन उगाच उभा राहतो. कुणाच्या तरी विनोदावर नाकातून हसतो. एखाद्या आठवड्यात पुन्हा सगळं बिघडतं आणि तुम्हाला वाटतं, गेलं. तसं नसतं, सुधारणेची रेषा अशीच वाकडीतिकडी असते. सहा-आठ भेटींनंतरही काहीच हललं नाही तर मात्र डॉक्टरांना सरळ विचारा, आणि गरज पडली तर दुसरं मत घ्या.

तर आता तुमच्यापुरतं: आज गोळ्या कुलपात आणि रात्री तो प्रश्न, उद्या डॉक्टरांना फोन. वेळ मिळाली की त्याला दिवस आणि तास सांगा, एकदाच. त्या दिवशी तो उठला नाही तर भांडू नका, तुम्ही दोघं जा. परत आल्यावर त्याच्या दाराशी सांगा, "आम्ही जाऊन आलो. पुढची वेळ अमुक दिवशी आहे. तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय." बहुतेक मुलं त्यावर काही बोलत नाहीत. एक-दोन दिवसांनी, पाठ करून उभं असताना, विचारतात, "माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

तेव्हा ते पान त्याच्या हातात द्या.